चित्र काढायचं सॉफ्टवेअर: महिन्याला भरायचं की एकदाच घ्यायचं?

डिजिटल चित्रांसाठी सॉफ्टवेअर घेताना किमतीच्या आधी एक प्रश्न सोडवा. ज्या महिन्यात पैसे भरणं थांबेल, त्या महिन्यात तुमच्या जुन्या फायली कशात उघडणार? याचं उत्तर हाताशी असेल तर सबस्क्रिप्शन घेतलंत तरी बिघडत नाही. नसेल, तर एकरकमी घेतलेलं सॉफ्टवेअरही एक दिवस अडकवतंच.

"एकदाच घ्या" याचे अर्थ वेगवेगळे आहेत, आणि बहुतेक फसगत तिथेच होते.

एकरकमी म्हणजे नक्की किती

आयपॅडवरचं प्रोक्रिएट हा सगळ्यात सरळ व्यवहार. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातली कंपनी, २०११ पासून ॲप बाजारात, एकदा पैसे भरले की पुढच्या सुधारणा आजवर त्याच पैशांत मिळत आल्या आहेत. अमेरिकेत किंमत १२.९९ डॉलर. पण ते फक्त आयपॅडवर चालतं. उद्या अँड्रॉइड टॅब घेतलात तर ते पैसे आणि ती सवय दोन्ही मागे राहतात. फोनवरचं प्रोक्रिएट पॉकेट आणि ॲनिमेशनचं प्रोक्रिएट ड्रीम्स ही वेगळी ॲप्स आहेत, त्यांचे पैसे वेगळे.

क्लिप स्टुडिओ पेंटचं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे. विंडोज आणि मॅकवर ते एकरकमी मिळतं, आयपॅड आणि अँड्रॉइडवर फक्त महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर. एकरकमी घेतलं तरी तुम्ही एक आवृत्ती घेता. मार्च २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती आली, मार्च २०२४ मध्ये तिसरी, मार्च २०२५ मध्ये चौथी. तुमच्याकडे दुसरी असेल तर ती चालत राहते, पण तिसरी-चौथीतली नवी साधनं हवी असतील तर वर्षाचा 'अपडेट पास' घ्यायचा किंवा सवलतीत पुढची आवृत्ती घ्यायची. पास संपला की तुम्ही परत आपल्या मूळ आवृत्तीवर. नव्या साधनाने केलेलं काम तेव्हा जुन्या आवृत्तीत जसंच्या तसं दिसेल याची खात्री नसते, म्हणून पास चालू असताना महत्त्वाच्या चित्राची पीएसडी प्रत (फोटोशॉपचं फाइल-स्वरूप, लेयर म्हणजे चित्राचे थर सुटे ठेवणारं आणि इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारं) काढून ठेवायची. हे सॉफ्टवेअर वर्षातून बऱ्याचदा सवलतीत निघतं, तेव्हा पूर्ण किमतीत घ्यायची घाई करू नका. आणि 'प्रो' की 'ईएक्स' (याच सॉफ्टवेअरच्या लहान आणि मोठ्या श्रेणी) या प्रश्नात फार अडकू नका. अनेक पानांचं कॉमिक एकाच फायलीत सांभाळायचं असेल किंवा २४ फ्रेमपेक्षा लांब ॲनिमेशन करायचं असेल तरच ईएक्स लागतं. सुटी चित्रं, मुखपृष्ठं, पात्रं यांना प्रो पुरतं.

जपानचं पेंट टूल साई फक्त विंडोजवर, ५,५०० येन, ३१ दिवस फुकट वापरून बघता येतं. रेघेसाठी आजही त्याचे चाहते आहेत.

ॲफिनिटीची कथा निराळी. हे एकरकमी मिळणारं सॉफ्टवेअर म्हणूनच लोकांनी जवळ केलं. २०२४ च्या मार्चमध्ये ऑनलाइन डिझाइनचं साधन चालवणाऱ्या कॅनव्हाने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवं ॲफिनिटी मोफत केलं. फक्त कॅनव्हाचं खातं लागतं, आणि एआयची साधनं कॅनव्हाच्या पैसे भरणाऱ्यांसाठी. पण ज्यांनी आधीची आवृत्ती विकत घेतली आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं: नव्यात साठवलेली फाइल जुनीत उघडत नाही. दोन्ही ठेवणार असाल तर मूळ फाइल जुन्या स्वरूपातच जपा.

'लाइफटाइम' या शब्दाचा अर्थ त्या आवृत्तीचं आयुष्य, तुमचं नव्हे. ॲपलने ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनापासून ३२-बिट (जुन्या धाटणीचं) सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं. ती सिस्टीम टाकताच रीतसर विकत घेतलेली कित्येक जुनी सॉफ्टवेअर मुकी झाली. चूक ना विकणाऱ्याची, ना घेणाऱ्याची. म्हणून एकरकमी घेतल्यावर संगणकाला मोठं अपडेट देण्याआधी विकणाऱ्याच्या साइटवर 'चालतं का' हे बघायचं.

सबस्क्रिप्शनची बारीक अक्षरं

फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे क्रिएटिव्ह सूटची (त्यांच्या सॉफ्टवेअरचा एकरकमी संच) नवी पेटी निघणार नाही, सगळं क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर. तेव्हापासून फोटोशॉप एकरकमी विकत घेण्याचा रस्ता हळूहळू बंद होत गेला. आता तीन पर्याय दिसतात: फक्त महिन्याचा, वर्षाचा करार पण पैसे दर महिन्याला, आणि वर्षाचे पैसे आधीच. मधला पर्याय सगळ्यात आकर्षक दिसतो, कारण पानावर ठळक छापलेला आकडा त्याचा असतो. तो करार वर्षाचा आहे. पहिल्या १४ दिवसांनंतर मोडलात तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे द्यावे लागतात. याच अटीवरून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने प्रकरण पुढे पाठवल्यावर अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर दावा ठोकला होता.

आकड्यांत बघू. समजा वर्षाचा करार महिना १,००० रुपये आणि सुटा महिना १,५०० रुपये. चार महिन्यांनी काम संपलं. करार मोडला तर ४,००० भरलेले अधिक उरलेल्या ८,००० चे निम्मे, म्हणजे एकूण ८,०००. सुट्या महिन्याने गेला असता तर ६,०००. या दरांत पाच महिन्यांपर्यंत सुटा महिना स्वस्त पडतो, सहाव्या महिन्याला दोन्ही सारखे, पुढे करार स्वस्त. तुमच्या दराने हाच हिशेब करा, कारण दर बदलतात. पण सूत्र तेच: करारातले भरलेले महिने अधिक उरलेल्याचे निम्मे, आणि ते सुट्या महिन्याच्या बेरजेशी ताडून बघायचं.

विद्यार्थी सवलतीत तर पहिल्या वर्षाचा दर आणि दुसऱ्या वर्षाचा दर वेगळा असतो. कार्डवर आपोआप जाणारी रक्कम वाढली की लक्षात येते, पण तोवर एक महिना गेलेला असतो.

पेन टॅबलेटसोबत मिळणारा सॉफ्टवेअरचा कूपनही नीट वाचा. बऱ्याचदा तो ठरावीक महिन्यांपुरता किंवा सर्वात खालच्या आवृत्तीचा असतो. टॅबलेट घेताना त्याची किंमत मनात धरू नका.

आपल्याकडचे पैसे भरण्याचे अडथळे

परदेशी साइटवर ५,००० रुपयांचं सॉफ्टवेअर घेतलंत आणि किमतीत जीएसटी धरलेला नसेल, तर १८ टक्क्यांनी ५,९०० होतात. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार समजा ३.५ टक्के, म्हणजे २०६ रुपये, आणि त्या अधिभारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. एकूण सुमारे ६,१४४. बँकेनुसार अधिभार कमी-जास्त असतो, झीरो-फॉरेक्स कार्ड असेल तर तो उरतच नाही. एकरकमी घेताना हा भुर्दंड एकदाच बसतो, वर्गणीत दर महिन्याला.

नव्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या ॲपमधून चालू करा, काम झालं की परत बंद करा. वर्गणीसाठी मात्र ते बंद ठेवून चालत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आधी तुमची रीतसर परवानगी, म्हणजे ई-मँडेट, लागतं आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दरवेळी ओटीपी लागत नाही. त्याच्या वरच्या रकमेला लागतो. वर्षाची एकदम भरायची योजना १५,००० च्या पुढे गेली असेल तर नूतनीकरणाच्या दिवशी ओटीपीचा मेसेज चुकवलात की पेमेंट अडतं आणि सॉफ्टवेअर बंद होतं, नेमकं डेडलाइनच्या आठवड्यात. तारीख कॅलेंडरमध्ये आधीच टाकून ठेवा.

फायली सोडवून घेण्याची चाचणी

हा भाग वाचून सोडून देऊ नका, एक तास काढून करा. सॉफ्टवेअर घेण्याआधी, फुकट चाचणीच्या दिवसांतच.

ए४ आकाराची ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) नवी फाइल घ्या, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. तिच्यात सहा लेयर करा: कागदाचा रंग, कच्चं रेखाटन, पक्की रेघ, सपाट रंग, त्या रंगावर क्लिप केलेली, म्हणजे त्याच्या बाहेर न जाणारी सावली (खालचा रंग गडद करणाऱ्या 'मल्टिप्लाय' मोडमध्ये), आणि एक अक्षरांचा लेयर. अक्षरांत हेच लिहा: स्त्री, किल्ला, विठ्ठल, वैशिष्ट्य, कर्ज, दुसऱ्या. मग पीएसडी म्हणून निर्यात करा आणि ती क्रिटामध्ये उघडा. क्रिटा हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समूहाच्या कुटुंबातलं सॉफ्टवेअर, विंडोज, मॅक, लिनक्सवर फुकट. त्याच्या स्वतःच्या साइटवरून उतरवलं तर पैसे लागत नाहीत. स्टीम किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच विकत मिळतं, ते पैसे म्हणजे बनवणाऱ्यांना मदत.

आता मोजा. लेयर सहाच आहेत का, की काही एकत्र झाले? मल्टिप्लाय टिकला का? सावली रंगाच्या बाहेर सांडलीय का? क्रिटाचा क्लिपिंग करण्याचा मार्गच वेगळा आहे: लेयर एका ग्रुपमध्ये टाकून वरच्याला 'इनहेरिट अल्फा' लावतात, आणि ते फक्त त्या ग्रुपमधल्या खालच्या लेयरांपुरतं चालतं. सावली सांडलेली दिसली तर सपाट रंग आणि सावली असा दोनच लेयरचा ग्रुप करा, वरच्या सावलीवर अल्फाचं चिन्ह दाबा, झालं.

काय हमखास तुटतं ते आधीच माहीत असलेलं बरं. प्रोक्रिएटमधली अक्षरं पीएसडीत गेली की चित्र बनतात, पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाहीत. क्लिप स्टुडिओचे व्हेक्टर लेयर (रेघ नंतरही बदलता येते असे) पीएसडीत पिक्सेल होतात, म्हणजे रेघ नंतर जाड-बारीक करण्याची सोय गेली. ब्रशही सोबत येत नाहीत. फोटोशॉपचे ब्रश प्रोक्रिएट आणि क्लिप स्टुडिओ घेतात, पण हाताखाली ते तसेच लागत नाहीत. क्रिटा त्यातून फक्त ब्रशच्या टोकाचा आकार उचलतं. ब्रशच्या पॅकवर हजारो रुपये घालणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं, कारण कित्येकदा सॉफ्टवेअरपेक्षा ब्रशच माणसाला बांधून ठेवतात.

क्रिटाची स्वतःची फाइल तर उघडपणे झिप असते. फाइलच्या नावाच्या शेवटचं केआरए हे एक्स्टेंशन बदलून झिप करा, उघडा, आत 'मर्ज्डइमेज' नावाची पूर्ण चित्राची पीएनजी सापडते. उद्या क्रिटा कुठेच चालत नसेल तरी चित्र तुमच्या हातात. विकतच्या सॉफ्टवेअरकडून इतका मोकळेपणा मिळेल अशी अपेक्षा करू नका. म्हणूनच तिथे पीएसडी आणि पीएनजी अशा दोन प्रती ठेवायची सवय लागते.

आयपॅडवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. प्रोक्रिएटमधली चित्रं ॲपच्या पोटात असतात. जागा कमी पडली म्हणून ॲप काढून टाकलं तर गॅलरीही जाते. दर पंधरवड्याला निवडक चित्रं प्रोक्रिएट आणि पीएसडी अशा दोन्ही रूपांत बाहेर काढा.

अक्षरं बिघडली तर

वर दिलेले शब्द असेच निवडलेले नाहीत. 'कि' मध्ये वेलांटी 'क' च्या आधी न येता मागे लटकली, 'स्त्री' मध्ये मधे हलन्त दिसले, तर सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणीच येत नाही. 'दुसऱ्या' मधला अर्धा र 'र्य' सारखा डोक्यावर चढला तर फॉन्ट मराठीसाठी बनलेलाच नाही असं समजा. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात का तेही बघा.

फोटोशॉपमध्ये जोडणी तुटत असेल तर परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा; जुन्या आवृत्त्यांत त्याआधी 'प्रेफरन्सेस'मध्ये 'टाइप' उघडून 'वर्ल्ड-रेडी लेआउट' (त्याहून जुन्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन') निवडून नवी फाइल उघडावी लागते. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती नसेल तर आडवाट आहे: इंकस्केपमध्ये (तेही मुक्त) मजकूर लिहायचा, तिथे देवनागरी नीट जुळते, मग पारदर्शक पीएनजी करून चित्रात आणायची. मुखपृष्ठावरच्या चार शब्दांसाठी हे पुरतं. रोज संवादांचे बलून भरणाऱ्या कॉमिकवाल्याला मात्र यात जीव जातो. त्याने देवनागरी नीट टाइप होणारंच सॉफ्टवेअर निवडावं, पैसे थोडे जास्त गेले तरी.

मशीनचाही विचार

ए४ ३०० डीपीआयच्या एका पूर्ण लेयरला सुमारे ३५ एमबी मेमरी लागते (२४८० गुणिले ३५०८ गुणिले ४ बाइट). चाळीस लेयर झाले की १.४ जीबी. ए३ ला प्रत्येक लेयरला दुप्पट. प्रोक्रिएटमध्ये म्हणूनच कॅनव्हास मोठा केला की लेयरची मर्यादा कमी होते. कमी रॅमच्या आयपॅडवर ए३ ची जाहिरात करायला घेतली तर हाताशी फारच थोडे लेयर उरतात. नवी फाइल उघडताना ते 'मॅक्सिमम लेयर्स'चा आकडा दाखवतं, तो आधी बघा.

छपाईचं काम असेल तर सीएमवायकेचं (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) काय ते विचारून घ्या. क्रिटात सीएमवायकेमध्येच रंगवता येतं, प्रोक्रिएटमध्ये सीएमवायके प्रोफाइलचा कॅनव्हास उघडता येतो, क्लिप स्टुडिओत आरजीबीतच (पडद्याची रंगपद्धत) काम होतं आणि निर्यात करताना बदलतं. गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याने कोरलची फाइल मागितली म्हणून चित्रं काढायला कोरलड्रॉ घेऊ नका. त्याला टिफ किंवा पीडीएफ दिली तरी चालते, आकार आणि रंग आधी ठरवून घ्या.

मग कोणी काय घ्यावं

आयपॅड आणि ॲपल पेन्सिल आधीच घरात असेल तर फार विचार करायचं कारण नाही, प्रोक्रिएट घ्या. लॅपटॉप आणि साधा पेन टॅबलेट असेल तर तीन महिने क्रिटावरच काढा. त्यात जे जमत नाही त्याची यादी आपोआप तयार होईल, आणि पुढची खरेदी त्या यादीवरून करा. फोन किंवा अँड्रॉइड टॅब असेल तर आयबिस पेंट जाहिराती झेलत फुकट चालतं. जाहिराती काढण्याचं एकरकमी ॲड-ऑन आणि प्राइम वर्गणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलं पुरतं का ते बघून मगच दुसरी घ्या.

कॉमिक किंवा मांगा (जपानी कॉमिक) वळणाचं काम करणाऱ्यांनी विंडोजवर क्लिप स्टुडिओ एकरकमी घ्यावं, सवलतीत. ४,५०० ला एकरकमी आणि ५०० रुपये महिना अशी तुलना असेल तर नवव्या महिन्याला दोन्ही रकमा बरोबरीला येतात. तीन वर्षांत वर्गणी १८,००० होते. दोनदा १,८०० देऊन नवी आवृत्ती घेतली तरी एकरकमीचे ८,१०० च होतात. पण एकरकमी परवाना एका वेळी एकाच संगणकावर चालतो, आणि आयपॅडही वापरायचा असेल तर त्याची वर्गणी वेगळी. म्हणून दोन्ही उपकरणांवर रोज बसणाऱ्याला वर्गणीच स्वस्त पडू शकते.

फोटोशॉप तेव्हाच, जेव्हा समोरच्या स्टुडिओची फाइल ॲडजस्टमेंट लेयर, स्मार्ट ऑब्जेक्ट यांनी भरलेली येते आणि तशीच परत जायला हवी असते. नुसतं रंगवायला ते लागत नाही. ॲडोबीचंच फ्रेस्को २०२४ पासून मोफत आहे.

आणि मग आपल्याकडचं हंगामी काम. दिवाळी अंकांची चित्रं ऑगस्ट ते ऑक्टोबरात येतात, त्याआधी गणपतीची बॅनरं. वर्षात तीन-चार महिनेच मोठं काम असेल तर सुटा महिना घेऊन ते संपवा आणि उरलेले महिने क्रिटावर बसा. फक्त पूर्ण झालेलं प्रत्येक काम वर्गणी संपायच्या आधी पीएसडीत बाहेर काढलेलं असायला हवं. क्लाउडमध्ये ठेवलेल्या फोटोशॉपच्या फायली वेगळ्या स्वरूपात असतात, त्या डाउनलोड करून साध्या पीएसडीत साठवा.

बंद करताना

ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. आयपॅडवर सेटिंग्ज, सर्वात वर आपलं नाव, मग सबस्क्रिप्शन्स. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, आपला फोटो, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स. नूतनीकरणाच्या किमान एक दिवस आधी रद्द करा. पैसे भरलेला काळ संपेपर्यंत ॲप सहसा चालू राहतं, त्यामुळे वाट पाहण्याचा काही फायदा नाही.

वेबसाइटवरून घेतलेली वर्गणी तिथल्या खात्यातच रद्द करायची. नुसतं बँकेत किंवा यूपीआय ॲपमध्ये मँडेट मोडलं तर पैसे जाणं थांबतं, पण वर्षाचा करार कागदावर शिल्लक राहतो आणि बाकीची मागणी ईमेलवर येते. आधी खात्यात रद्द, रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा, मग मँडेट मोडा.

एकरकमीवाल्यांनी संगणक फॉरमॅट करण्याआधी किंवा विकण्याआधी सॉफ्टवेअरमधून परवाना मोकळा करायचा. जुना लॅपटॉप विकून झाल्यावर नव्यावर 'परवाना दुसऱ्या उपकरणावर वापरात आहे' असं आलं की मदत केंद्राशी ईमेलवर बोलत बसावं लागतं, आणि त्यांना खरेदीची पावती लागते. म्हणून पावती, परवान्याचा क्रमांक आणि कोणत्या ईमेलवर घेतलं ते एका कागदावर लिहून पेन टॅबलेटच्या खोक्यात ठेवा.